कवळी काढली आणि नशीब उघडलं: वेस्टर्न सिनेमातला बोळका म्हातारा गॅबी हेज

निवांत_नाना

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. मोठा झालाय, चहा घेऊन बसा.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. घरात बसून बसून तूनळीवर जुने काळेपांढरे काऊबॉय सिनेमे बघायचा नाद लागलाय. एकेक सिनेमा तासाभराच्या आतबाहेरचा, फिजिओवाला येऊन छळून गेला की एक बघायचा आणि संध्याकाळी परत छळायला यायच्या आत दुसरा. हिरो बदलतो, घोडा बदलतो, गावाचं नाव बदलतं, पण एक म्हातारा कुठं ना कुठं दिसतोच. विस्कटलेली पांढरी दाढी, टोपीची पुढची कड वर दुमडलेली, तोंडाचं पार बोळकं, बोलताना ओठ आतबाहेर होतायत आणि सतत कुणावर तरी करवादतोय. हिरो देखणा, इस्त्रीचा शर्ट घालून गाणी म्हणणार, आणि हा बाजूला खेचरासारखा हटून बसलेला. चौथ्यापाचव्या सिनेमानंतर मी हिरोकडं बघायचंच सोडून दिलं.

तर हा जॉर्ज हेज, पण जग ओळखतं गॅबी हेज म्हणून. गॅबी म्हणजे आपला बडबड्या.

मला वाटलं असेल कुणी खराखुरा टेक्सासचा गुराखी, म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर उभा केला असेल. कसलं काय. जन्म ७ मे १८८५, न्यूयॉर्क राज्यात वेल्सविल गावाजवळच्या स्टॅनर्ड्समधे. न्यूयॉर्क म्हटल्यावर लगेच उंच बिल्डिंगा डोळ्यासमोर आणू नका, हा भाग पार दुसऱ्या टोकाला, पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीला टेकलेला. बापाचं हॉटेल होतं, शिवाय तेलविहिरींच्या धंद्यात हात होता. सात भावंडांत हा तिसरा. पोरगा बेसबॉल बरा खेळायचा, पण १७ व्या वर्षी १९०२ साली घरातून पळाला आणि एका फिरत्या नाटक कंपनीत घुसला. काही दिवस सर्कशीबरोबरही हिंडला, मग व्हॉडेव्हिलमधे स्थिरावला. व्हॉडेव्हिल म्हणजे एका तिकिटात नाच, गाणी, जादू, नकला, कुत्र्यांचे खेळ सगळं, असे खेळ घेऊन गावोगाव रेल्वेनं फिरायचं. १९१४ साली ऑलिव्ह आयर्लंड नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि तीही डोरोथी अर्ल असं नाव घेऊन त्याच्याबरोबर स्टेजवर आली.

आता बघा, या माणसाचं इतकं बरं चाललं होतं की १९२८ साली, वय वर्षं ४३, त्यानं रिटायरमेंट घेतली! लाँग आयलंडवर बाल्डविन गावात घर, गाठीला पैसा, निवांत. (तेव्हा हे हँडल त्यालाच शोभलं असतं.) पैसा सगळा शेअर बाजारात. आणि पुढच्याच वर्षी १९२९ चा तो क्रॅश. होतं नव्हतं ते गेलं.

इथं बायकोनं डोकं चालवलं. स्टेजचा धंदा बोलपटांनी आणि रेडिओनं खायला घेतलाच होता, ती म्हणाली चला लॉस एंजेलिसला, सिनेमात बघू. म्हणजे पंचेचाळिशीच्या घरातला माणूस, खिसा रिकामा, नव्या गावात नव्या धंद्यात पहिल्यापासून सुरुवात. तिथं ट्रेम कार नावाचा स्वस्तातले सिनेमे काढणारा प्रोड्यूसर भेटला, त्याला या माणसाचा चेहरा आवडला आणि पुढच्या सहा वर्षांत तीसेक कामं दिली. त्यात काय काय केलं म्हणाल तर शेरीफ, हिरॉइनचा बाप, खाणवाला, दरोडेखोर, गावातला प्रतिष्ठित पण आतून हरामखोर, आणि कधी कधी एकाच सिनेमात दोन वेगळी माणसं सुद्धा, कारण दुसऱ्या नटाला पैसे द्यायला नकोत.

घोड्यावर बसायचं त्याला माहीतच नव्हतं, ते या वयात सिनेमासाठी शिकला. आणि कळस म्हणजे त्याला वेस्टर्न प्रकारच आवडायचा नाही. मुलाखतीत सरळ सांगायचा की त्याच त्या चार गोष्टी, घोडागाडी लुटली, गुरं पळवली, शेत गहाण पडलं, खाण सापडली, की झाला सिनेमा. आणि हे सांगणाऱ्या माणसाच्या नावावर आजही 'वेस्टर्नमधला म्हातारा' हा अख्खा साचा आहे. कॅमेरा बंद झाला की दाढी नीट, सूट नीट, वाचन भरपूर, भाषा शुद्ध, असा हा गृहस्थ.

१९३५ साली हॉपअलाँग कॅसिडीची मालिका सुरू झाली. विल्यम बॉइड हिरो, पांढरे केस, काळे कपडे, दारू नाही सिगरेट नाही. पहिल्याच सिनेमात हेजनं अंकल बेन म्हणून काम केलं आणि तो मारला जातो. पण लोकांना म्हातारा आवडला होता, मेलेल्याला परत आणणार कसा, म्हणून त्याच मालिकेत तो वेगळ्या नावानं आला, विंडी हॅलिडे. विंडी म्हणजेही वाऱ्यावरच्या गप्पा मारणारा, थापाड्या. तेव्हा वय ५०. इथं खरा गॅबी जन्माला आला असं माझं मत.

१९३९ ला पगारावरून फाटलं आणि तो रिपब्लिक स्टुडिओत गेला. पण विंडी हे नाव आधीच्या स्टुडिओच्या, पॅरामाउंटच्या मालकीचं, ते वापरता येईना. मग काय, तीच दाढी, तीच टोपी, तोच आवाज, फक्त नाव गॅबी व्हिटेकर. विंडीच्या जागी गॅबी, दोन्हीचा अर्थ जवळपास एकच, स्टुडिओच्या वकिलांच्या नाकावर टिच्चून. १९४६ पर्यंत चाळीसच्या वर सिनेमांत गॅबी म्हणून दिसला, बहुतेक रॉय रॉजर्स या गाणाऱ्या काऊबॉय हिरोबरोबर.

गुडघा ठणकायला लागला, बाकीचं प्रतिसादात टंकतो.

गोटूशेठ

पयला! नाना जोरदार. वाखू (वाचनखूण) साठवली, ऑफिसातून निवांत वाचतो.

चहाबिस्कीट

मस्त लिहिलंय नाना, गुडघा सांभाळा. बाबांना (वय ७८) असले सिनेमे आवडतील असं वाटतंय, सध्या दिवसभर बातम्या लावून बसतात आणि मग बीपी वाढतं. पहिला कुठला दाखवू? मारामारी फार नको.

झणझणीत

धागा चांगला आहे पण थोडं जास्त होतंय असं वाटतं. शेवटी काय तर हिरोच्या मागं फिरणारा कॉमेडीवाला. एक दाढी, एक आवाज, वीस वर्षं तेच. याला अभिनय म्हणायचं का?

निवांत_नाना

झणझणीत, तुमचा मुद्दा मलाही पहिले दोन दिवस पटत होता. मग १९३४ चा रँडी राइड्स अलोन बघितला. स्पॉयलर आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढं जा.

जॉन वेन, वय २७, सडपातळ, अजून कुणी त्याला ओळखत नाही. गावाबाहेरच्या गुत्त्यात शिरतो तर आत पियानो आपोआप वाजतोय आणि सगळी माणसं मरून पडलेली. सुरुवात अशी की आजही अंगावर येते. तिथंच शेरीफ येऊन त्याला खुनी म्हणून धरतो. आता गावात एक मुका दुकानदार आहे, मॅट. कुबड काढून चालतो, बोलता येत नाही म्हणून कागदावर लिहून दाखवतो, बिचारा. आणि हाच मुका म्हणजे टोळीचा म्होरक्या! गुहेत शिरला की पाठ ताठ होते, आवाज खणखणीत, माणूसच बदलतो. दोन्ही अर्थातच जॉर्ज हेज. म्हणजे ज्याला पुढं जग बडबड्या म्हणणार त्यानं आधी मुका करून दाखवला होता, आणि त्या मुक्याच्या आड व्हिलन. मी तीन वेळा मागं नेऊन बघितलं, विश्वास बसेना की हा तोच.

वेनबरोबर त्यानं एकूण १५ सिनेमे केले आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तो विनोदी नाहीच. त्यामुळं एकच सूर यायचा म्हणून तो तेवढाच गात बसला असं नाही, येत सगळं होतं, गिऱ्हाईक एकालाच होतं.

झणझणीत

हे माहीत नव्हतं. एक पाऊल मागं घेतो, दीड नाही.

डॉ_दाढे

धंद्याने डेंटिस्ट असल्यामुळं शीर्षक बघून पळत आलो. गंमत अशी आहे की कवळी काढल्यावर नुसते दात जात नाहीत, चेहऱ्याची उंचीच कमी होते. खालचा जबडा वर येऊन पुढं सरकतो, हनुवटी नाकाकडं झेपावते, ओठांना मागून आधार नाही म्हणून ते आत वळतात, गाल बसतात. माणूस क्षणात दहापंधरा वर्षांनी म्हातारा. शिवाय फ आणि व साठी खालचा ओठ वरच्या दातांना टेकावा लागतो, स ला दातांमागून हवा घासून जायला हवी, दात नसतील तर हे सगळे वर्ण फसफसतात. म्हणजे मेकअप, आवाज आणि बोलीभाषा, तिन्ही कामं एका मिनिटात, खर्च शून्य. माझ्याकडं पेशंट याच गोष्टी लपवायला हजारो रुपये मोजतात आणि या गृहस्थांनी त्यावर घर चालवलं.

व्हिलन असताना दात लावलेले असायचे का नाना? बघून सांगा प्लीज, प्रोफेशनल कुतूहल आहे.

निवांत_नाना

सुरुवातीच्या ट्रेम कारवाल्या सिनेमांत जिथं सभ्य गृहस्थ किंवा बदमाश आहे तिथं जबडा अगदी भरलेला दिसतो डॉक्टर, दाढी पण कधी आहे कधी नाही. विंडी झाल्यापासून मात्र कवळी खिशात. डॉक्टरांना दंडवत, फसफसणाऱ्या वर्णांवर वेगळा धागा येऊ द्या.

टेक्सासकर

नाना, इथं डॅलसमधे राहून मला यातलं काही माहीत नव्हतं, लाज वाटली. एक भर घालतो. दातांच्या बाबतीत अजून एक बाप माणूस म्हणजे वॉल्टर ब्रेनन. ऐन तारुण्याच्या शेवटी, १९३२ साली एका अपघातात त्याचे दात गेले आणि मग तो दिग्दर्शकाला विचारायचा म्हणे, दात घालून करू की काढून? १९३६, १९३८ आणि १९४० अशी सहाय्यक नटाची तीन ऑस्कर घेतली पठ्ठ्यानं. गॅबी आणि ब्रेनन साधारण एकाच मालाचे दुकानदार, पण ब्रेननचं दुकान मोठ्या स्टुडिओंच्या हायवेवर आणि गॅबीचं शनिवारच्या बाजारात. शनिवारी दुपारी पोरं दहा सेंट देऊन आत बसायची, दोन सिनेमे, कार्टून, सिरियलचा तुकडा, आणि त्या पोरांना ऑस्करशी काय घेणंदेणं.

अवांतर: गेल्या वर्षी रूट ६६ नं जाताना ॲरिझोनात किंगमन गावात थांबलो होतो, मुख्य रस्त्याचं नाव अँडी डिव्हाइन अव्हेन्यू. मला वाटलं कुणी जुना महापौर. नंतर कळलं हाही असाच हिरोच्या सोबतचा जाडा विनोदी नट, त्याच गावात वाढलेला, लहानपणी तोंडात काठी घेऊन पडल्यामुळं घसा कायमचा घोगरा झाला आणि त्या चिरक्या घोगऱ्या आवाजावर आयुष्यभर जेवला. गॅबीनं रॉय रॉजर्सची जोडी सोडल्यावर त्याच्या जागी तोही येऊन गेला.

हिरवा_कंदील

एकाचे दात गेले, एकाचा घसा गेला, आणि दोघांचं नशीब उघडलं. माझे केस गेले तर काही झालं नाही.

अवनी_के

लेख आवडला पण एक खटकतं. मी दोन बघितले आणि दोन्हीत हा माणूस बायकांच्या नावानं सतत शंख करतो. बाई दिसली की तोंड वाकडं, बायका म्हणजे कटकट, बायकांमुळं वाटोळं. कॉमेडी म्हणून एकदा ठीक, प्रत्येक सिनेमात?

निवांत_नाना

अवनी, बरोबर आहे, तो विनोद आज शिळा लागतो आणि माझ्या मते तेव्हाही फार ताजा नसावा. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे त्यात जवळपास दर वेळी फजिती म्हाताऱ्याचीच होते, शेवटी बाईच शहाणी निघते आणि हा टोपी चघळत बसतो. दुसरं म्हणजे खऱ्या आयुष्यात हे बायकोचं ऐकणारं प्रकरण. तीच त्याला हॉलिवूडला घेऊन आली. १९१४ ला लग्न, १९५७ ला ती गेली, ४३ वर्षं एकच संसार, तोही त्या गावात.

अवनी_के

मग त्या बाईंवर पण दोन ओळी जास्त हव्या होत्या. स्वतःचं स्टेजचं करिअर होतं तिचं, घर बुडाल्यावर रस्ता तिनं काढला आणि लेखात तिला मिळाली अडीच वाक्यं.

निवांत_नाना

मान्य. चूक पदरात घेतो.

वाचनमात्र_होतो

खास प्रतिसाद द्यायला लॉगिन केलं. नाना, तुम्ही मेन गोष्ट सोडलीत, की विसरलात? अमेरिकेतले थेटरवाले दर वर्षी मत द्यायचे, सगळ्यात जास्त गल्ला जमवणारे वेस्टर्नचे दहा स्टार कोण. त्या यादीत हा गॅबी १९४३ ते १९५२ सलग आणि परत १९५४ ला आहे! म्हणजे रॉय रॉजर्स पहिला आणि त्याच्याच मागं त्याचा म्हातारा, त्याच यादीत, हिरो लोकांच्या पंगतीत पाट मांडून. असाच दुसरा म्हणजे स्मायली बर्नेट, जीन ऑट्रीचा जाडा जोडीदार, डोळ्याभोवती काळं कडं असलेल्या पांढऱ्या घोड्यावर बसायचा, हाताला लागेल ते वाद्य वाजवायचा आणि गाणी स्वतः लिहायचा. १९४४ ला सनसेट कार्सन नावाचा नवा हिरो लाँच करायचा होता तेव्हा पोस्टरवर हिरोच्या वर बर्नेटचं नाव टाकलं होतं रिपब्लिकनं. कारण गल्ल्यावर बसणाऱ्याला माहीत होतं पोरं कुणाला बघायला येतायत.

आणि तिसरा फझी सेंट जॉन, मूकपटांच्या जमान्यातल्या फॅटी आर्बकल या विनोदी नटाचा सख्खा भाचा, सायकलवरच्या कसरतींत उस्ताद. अख्खी मूकपटांची कॉमेडी त्यानं घोड्यावर बसवून आणली. त्याच्या आणि गॅबीच्या दाढीत लोकांचा घोटाळा होतो. फझी पडतो, आपटतो, हौदात जातो. गॅबी फारसा पडत नाही, तो भांडतो. मला गॅबी जास्त आवडतो तो यासाठी.

निवांत_नाना

वाचनमात्र, तुम्ही वाचनमात्र राहू नका हो! यादीचं पुढच्या प्रतिसादात लिहिणार होतो, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत. आणि 'तो भांडतो' हे एकदम नेमकं. हिरोला कुणी उलट बोलू शकत नाही, गावातले सगळे त्याला बिचकून. हा एकटाच त्याला पोरा तुला अक्कल नाही असं तोंडावर सांगतो, आणि तरी त्याच्याच बाजूनं गोळ्या खायला उभा राहतो.

गोटूशेठ

वाचून झालं ऑफिसात, बॉसनं दोनदा बघितलं. मला एकदम तमाशातला सोंगाड्या आठवला. वगात राजा आपला राजासारखा बोलतो आणि सोंगाड्या त्याच्या प्रत्येक वाक्याला खाली खेचतो, लोक येतात सोंगाड्यासाठी. तेच की हे.

झणझणीत

नाही गोटूशेठ, इथं फरक आहे. सोंगाड्या गोष्टीच्या आतबाहेर उड्या मारतो, वगात असताना मधेच गावच्या पाटलाला, समोर बसलेल्या फौजदाराला टोमणा मारतो, त्याची खरी गाठ प्रेक्षकाशी असते. गॅबी गोष्टीच्या बाहेर कधीच येत नाही, कॅमेऱ्याकडं बघत नाही. त्याची गाठ हिरोशी. खरं तर तो हिरोचा काका आहे, लग्न न झालेला, घरातच राहणारा, सगळ्यांवर ओरडणारा. असा एक काका आमच्याकडं होता, त्याच्याशिवाय दिवाळी अळणी. (हो, बघितले मी दोन. हसू नका.)

हिरवा_कंदील

झणझणीत विरघळला, धागा सत्कारणी लागला.

निवांत_नाना

हा घ्या शेवटचा तुकडा. १९४६ नंतर रॉयची जोडी सुटली, मग रँडॉल्फ स्कॉटबरोबर काही सिनेमे केले आणि १९५० चा कॅरिबू ट्रेल हा शेवटचा. पडद्यावरून उतरला तो थेट टीव्हीत. १९५० ते ५४ एनबीसीवर त्याच्या नावाचा शो, पोरांना जुन्या गोष्टी सांगायच्या आणि वेस्टर्नचे तुकडे दाखवायचे, परत १९५६ ला एबीसीवर. १९४८ पासून त्याच्या नावाचं कॉमिक पण निघत होतं.

स्पॉन्सर क्वेकर ओट्स. त्यांचा माल होता पफ्ड राइस, म्हणजे सरळ सरळ आपले चुरमुरे, आणि त्यांची जाहिरात होती की हे बंदुकीतून उडवलेले दाणे आहेत. तर शोमधे गॅबी पोरांना सांगायचा, टीव्हीपासून लांब सरका रे, आणि मग तोफेला बत्ती द्यायचा आणि धडाम करून चुरमुरे थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर! चुरमुऱ्यांची तोफ. मी इतका हसलो की गुडघ्याचा टाका दुखला.

चहाबिस्कीट

तोफेतून चुरमुरे 😂 भेळवाल्यांना कुणीतरी सांगा.

टेक्सासकर

ते अगदीच थापेबाजी नाही बरं का. अँडरसन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं शोधलेली पद्धत ती. धान्य बंद नळीत घालून तापवायचं, आत दाब वाढतो, मग झाकण एकदम उघडायचं, दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुलतो आणि सगळा माल फाडकन बाहेर. १९०४ च्या सेंट लुइसच्या जत्रेत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात, खऱ्या तोफांच्या नळ्या लावून लोकांसमोर उडवून दाखवलं होतं. आपल्याकडं भट्टीवर कढईत गरम वाळू घालून त्यात फोडतात, तत्त्व तेच, आवाज कमी.

वाचनमात्र_होतो

माझा एक किडा. टॉय स्टोरीच्या दुसऱ्या भागातला तो डब्यातला म्हातारा खाणवाला आठवतोय? जुन्या टीव्ही शोमधे दाढीवाला, गावंढळ, धडपडणारा. आणि डब्यातून बाहेर आल्यावर भाषा एकदम सुशिक्षित, वागणं सभ्य, आणि शेवटी निघतो व्हिलन. नानांचा धागा वाचल्यावर एकदम ट्यूब पेटली, हे तर जॉर्ज हेजचं आयुष्य उलट्या बाजूनं. आधी व्हिलन, मग गावंढळ, आणि घरी सुटाबुटातला वाचणारा माणूस.

१९७४ च्या ब्लेझिंग सॅडल्स या वेस्टर्नची टर उडवणाऱ्या सिनेमात पण गॅबी जॉन्सन नावाचा एक म्हातारा आहे, गावच्या सभेत उभा राहून जे काय फसफसतो त्यातलं एक अक्षर कळत नाही आणि सगळं गाव गंभीरपणे मान डोलावतं. डॉ_दाढे, तुमच्यासाठी आहे तो सीन.

डॉ_दाढे

बघितला. क्लिनिकच्या वेटिंग रूममधे लावावा म्हणतो.

गोटूशेठ

पुढं काय झालं त्याचं? गरिबीत गेला का, आपल्याकडच्या कित्येक विनोदी नटांसारखा?

निवांत_नाना

नाही, एकदा सगळं गमावल्यावर दुसऱ्यांदा ती वेळ त्यानं येऊ दिली नाही. बायको १९५७ ला गेली, हा ९ फेब्रुवारी १९६९ ला बरबँकच्या सेंट जोसेफ हॉस्पिटलमधे हृदयविकारानं गेला, ८३ वर्षांचा होऊन. हॉलिवूडच्या फूटपाथवर त्याच्या नावाचे दोन तारे आहेत, एक रेडिओसाठी आणि एक टीव्हीसाठी. सिनेमासाठी नाही! ज्यानं जन्मभर सिनेमात दाढी खाजवली त्याला सिनेमाचा ताराच नाही. सन २००० साली मात्र ओक्लाहोमा सिटीच्या काऊबॉय म्युझियमनं त्यांच्या मानकऱ्यांच्या यादीत घेतला. न्यूयॉर्कचा पोरगा, चाळिशी उलटेपर्यंत घोड्यावर न बसलेला, वेस्टर्नला नावं ठेवणारा, काऊबॉयांच्या मानकऱ्यांत.

चहाबिस्कीट, तुमचं राहिलंच. बाबांना १९४४ चा टॉल इन द सॅडल दाखवा. जॉन वेन आता तयार गडी झालाय आणि गॅबी घोडागाडी हाकणारा डेव्ह, दारूची बाटली जवळ, बायकांवर राग. मारामारी आहे पण झेपेल अशी. दोघं गाडीच्या टपावर शेजारी बसून जात असतात ते बघा, मोठा सिनेमा, मोठा स्टुडिओ, पण मजा त्या दोन माणसांच्या बोलण्यात.

चहाबिस्कीट

नाना, कालच बघितला बाबांबरोबर! बातम्या बंद होत्या दोन तास, शेजारच्यांनी येऊन विचारलं सगळं ठीक ना. बाबांना हिरो 'बरा' वाटला. म्हातारा आला की मात्र खुर्चीत पुढं सरकून बसत होते. रात्री मी पाणी द्यायला गेले तर कवळी ग्लासात ठेवलेली, माकडटोपीची पुढची कड वर दुमडलेली आणि आरशात बघून हनुवटी वर खाली करतायत. मग आईकडं वळून फसफस करत काहीतरी लांबलचक बोलले, बहुतेक बायकांविषयी. आई म्हणाली आधी बीपीची गोळी घ्या, मग भांडा.